कढईतले दहा पॉइंट

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, उंची पाच फूट दोन इंच, बँकेत बैठं काम, राहणं सुदामा नगरात. पॉइंटच्या ॲपवर, म्हणजे खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीला पॉइंट देऊन दिवसाची बेरीज मर्यादेत ठेवायच्या ॲपवर, दिवसाला २७ पॉइंट धरून दोन महिन्यांत ७४ वरून ७० किलोवर आलात. तेव्हा दुपारी पाकिटातले ओट्स आणि रात्री पाकिटातलं सूप नि ब्राउन ब्रेड असं चाललं होतं. त्याचा कंटाळा आला, घरच्या जेवणावर परतलात. पॉइंट तेवढेच भरताय, पण सहा आठवडे काटा ७० वरून हलत नाही. स्वयंपाक सासूबाई करतात, घरात पाच मोठी माणसं आहेत, आणि ॲपमध्ये "एक वाटी भाजी" टाकलं की कधी दीड पॉइंट येतो, कधी पाच. घरच्या जेवणाला ही पद्धत लागू पडते, की सोडून द्यावी, असं तुम्ही विचारलंय.

लागू पडते. मी इंदूरमध्ये बावीस वर्षं आहारसल्ल्याचं काम करते आहे आणि ताटात पोळी-भाजी-वरण-भात ठेवूनच पॉइंट मोजायला लावते. फक्त मोजायची जागा बदलावी लागते. ताटात वाढलेली भाजी पाहून तिचे पॉइंट कुणालाच सांगता येत नाहीत, मलाही नाही. ते कढईत मोजावे लागतात, आणि तेही शिजण्याआधी.

आधी तुमच्या त्या सहा आठवड्यांबद्दल. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. साठ दिवसांत चार किलो उतरलं, म्हणजे तुम्ही रोज गरजेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी खात होतात. सुरुवातीच्या किलो-दीड किलोत पाणीही असतं, तरी अंदाजाला हा आकडा पुरे. एक पॉइंट म्हणजे साधारण ५० कॅलरी, तेव्हा रोजचे दहा पॉइंट. आता वजन जागच्या जागी आहे, याचा अर्थ ते दहा पॉइंट परत आले आहेत आणि वहीत दिसत नाहीत. वजन उतरलं की शरीराची गरजही थोडी घटते, पण चार किलोंनी एवढा फरक पडत नाही. पाणी दुसरीकडे मुरतंय.

ही पद्धत मुळात कुठून आली ते माहीत असलं की गोंधळ कमी होतो. वेट वॉचर्स ही अमेरिकेतली कंपनी १९६३ सालची, आणि तिने तिथे पॉइंट आणले १९९७ मध्ये. त्याआधी तीनच वर्षं, १९९४ पासून, तिथल्या पाकिटांवर पोषणाचा तक्ता छापणं सक्तीचं झालं होतं. जुनं सूत्र त्या तक्त्यातल्या तीन आकड्यांवर बेतलेलं होतं: कॅलरींना ५० ने भागायचं, त्यात चरबीच्या ग्रॅमांना १२ ने भागून मिळवायचं, आणि चोथ्याच्या (फायबरच्या) ग्रॅमांना ५ ने भागून वजा करायचं. एका वाढणीत चोथा चार ग्रॅमांपेक्षा जास्त धरायचा नाही. पुढे २०१० मध्ये आणि नंतरही कंपनीने सूत्र बदललं, पण घरी कागदावर करायला मला ते जुनंच बरं वाटतं. तुमच्या पहिल्या दोन महिन्यांत सगळं पाकिटातलं होतं, आकडे छापील होते, म्हणून हिशोब चोख आला. सासूबाईंच्या फ्लॉवर-बटाट्यावर तक्ता छापलेला नाही, एवढाच फरक आहे.

आता ते दहा पॉइंट शोधू.

पहिली पोळी. तुमच्या नोंदीत "चपाती, १ पॉइंट" असं तीन वेळा आहे. ॲपने धरलाय तो कोरडा फुलका, २५ ग्रॅम कणकेचा, ८० कॅलरीचा. त्याला एक पॉइंट बरोबर आहे. पण मराठी घरात होते ती घडीची पोळी. उंडा ३५ ग्रॅम कणकेचा, घडीत तेल, वरून तेल, मिळून एक चमचा. कणकेच्या ११५ आणि तेलाच्या ४० मिळून दीडशेच्या वर कॅलरी, पाच ग्रॅम चरबी. चोथ्याची सूट धरूनही पावणेतीन पॉइंट येतात. तीन पोळ्यांमागे पाच पॉइंट इथेच निघाले. पोळी सोडा असं मी म्हणत नाही. एक पोळी आणि दोन फुलके असं करा, किंवा घडीत तेल नि वर कोरडी. तीन पोळ्या खायच्याच असतील तर आठ पॉइंट लिहा.

दुसरी भाजी. इथे मला माझी जुनी चूक सांगायला हवी. कामाला लागले तेव्हा मी सगळ्यांना एक छापील कागद देत असे, त्यात "एक वाटी भाजी, एक पॉइंट" असं होतं. रामबागेतल्या एक बाई तीन महिने तो कागद प्रामाणिकपणे पाळत होत्या आणि वजन तसंच. मला वाटलं, मधल्या वेळी काहीतरी खात असणार, आणि तसं मी त्यांना बोललेही. त्या रडल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग त्यांच्या घरी गेले. त्यांच्या सासूबाई माझ्याशी बोलत बोलत कावळ्यातून, म्हणजे तेलाच्या चोचीच्या भांड्यातून, कढईत तेलाची धार सोडत होत्या. "दोनच चमचे घालते हो मी," म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, आजी, तशीच धार या वाटीत सोडाल का? त्यांनी सोडली. मोजपात्रात ओतलं तर ४८ मिलिलिटर भरलं, म्हणजे साडेनऊ चमचे. त्या स्वतःच बघत राहिल्या. साठ वर्षं हाताला सवय होती, मोजायची गरज कधी पडलीच नव्हती. त्या दिवशी तो कागद मी रद्द केला.

तुमच्या घरची फ्लॉवर-बटाटा भाजी घ्या. पाच जणांसाठी फ्लॉवर अर्धा किलो, बटाटे पाव किलो, तेल तीन मोठे चमचे म्हणजे ४५ मिलिलिटर, वरून ओलं खोबरं दोन मोठे चमचे. फ्लॉवरच्या साधारण १२५ कॅलरी, बटाट्याच्या १९०, खोबऱ्याच्या ८०, आणि एकट्या तेलाच्या ३६५. सगळी मिळून ७६०. पन्नासने भागलं की १५ पॉइंट. या भाजीत चरबीची भर आणि चोथ्याची वजावट जवळजवळ सारखी येते, तेव्हा १५ च धरा. पाच जणांत प्रत्येकी ३. तुम्ही दोन वेळचे मिळून तीनच लिहीत होतात, खरे सहा होते. तेल २० मिलिलिटरवर आणलं तर प्रत्येकी दोनच्याही खाली येतात. भाजी तीच, तेवढीच, आणि २० मिलिलिटरमध्ये ती नीट होते. फ्लॉवर घातल्यावर झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजू द्यायची, तळाला लागत नाही.

तिसरी शेव. ही आपल्या गावची खास गोष्ट. नाशिक-पुण्याहून आलेले पाहुणे चकित होतात, पण इंदूरच्या मराठी घरात शेवेचा डबा मीठ-लोणच्याच्या शेजारीच असतो. पोह्यांवर तर असतेच, पण वरण-भातावर, उसळीवर, कधी नुसत्या दहीभातावरही. एक लहान मूठ म्हणजे २० ग्रॅम, ११० कॅलरी, चरबीची भर धरून पावणेतीन पॉइंट. तुमच्या नोंदीत शेव एकदाही दिसली नाही. मी शंभरेक वह्या तपासल्या असतील, शेव क्वचितच कुणी लिहितं, कारण ती "खाल्ली" असं कुणाला वाटतच नाही, वरून भुरभुरलेली असते.

पाच, तीन, पावणेतीन. दहाच्या वर गेले, आणि चहा अजून धरलाच नाही.

चहाचं पटकन सांगते. जास्त फॅटचं दूध ६० मिलिलिटर आणि दोन चमचे साखर, म्हणजे ९० कॅलरी, जवळजवळ दोन पॉइंट. बँकेत चार कप होत असतील तर आठ. दुधाच्या पिशवीवर फॅटचा आकडा असतो: फुल क्रीम ६ टक्के, टोन्ड ३ टक्के. टोन्ड दूध आणि एक चमचा साखर केली की कपाला एक पॉइंट पडतो.

आता मोजायची रीत. पाच किलोपर्यंतचा साधा डिजिटल काटा आणा, काहीशे रुपयांत येतो. पहिल्या दिवशी घरातल्या तीन-चार नेहमीच्या कढया-पातेल्यांचं रिकामं वजन करा आणि कागदावर लिहून फ्रिजला लावा. मग पळीत किती मावतं ते पाण्याने पाहा: काट्यावर वाटी ठेवून शून्य करा, एक पळी पाणी ओता, जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. कुणाच्या पळीत १२ मिलिलिटर मावतं, कुणाच्या २२, त्यामुळे "एक पळी तेल" याला काही अर्थ नाही. वाट्यांचंही तेच. ॲपमधली वाटी आणि तुमच्या आहेरात आलेली वाटी यांचं नातं नाही.

भाजी करताना कच्चं वजन लिहायचं: भाजी, डाळ, तांदूळ, तेल, दाण्याचं कूट, खोबरं, गूळ. मसाले, हिरवी मिरची, कोथिंबीर सोडून द्या. सगळ्याचे मिळून पॉइंट काढा. भाजी झाली की कढईसकट काट्यावर ठेवा आणि रिकामं वजन वजा करा. समजा भाजी ७०० ग्रॅम भरली आणि कढईचे पॉइंट १५ आहेत. तुम्ही १४० ग्रॅम घेतली की तीन पॉइंट, शंभर घेतली की दोनाहून थोडे जास्त. शिजताना पाणी उडो की वाढो, पॉइंट बदलत नाहीत. आमटी पातळ केली म्हणून पॉइंट कमी झाले असं होत नाही, आणि भात फुगला म्हणून वाढतही नाहीत. कच्च्यावर मोजायचं ते यासाठीच.

हे रोज आयुष्यभर करायचं नाही. मराठी घरात फिरून फिरून बारा-पंधरा भाज्या, चार आमट्या, दोन-तीन प्रकारचे भात होतात. प्रत्येकीचं एकदा वजन करून वहीत एक पान केलं की दीड महिन्यात घरचं पॉइंटचं पुस्तक तयार होतं. माझ्याकडच्या ज्या बायकांनी ही वही केली, त्यांचं वजन टिकलं. ॲपच्या भरवशावर राहिलेल्यांचं बहुतेक वेळा फिरून आलं. कच्च्या मालाचे आकडे हवे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते वापरा. परदेशी ॲपमधला "लेंटिल" आणि आपली तूरडाळ यांत घोळ होतो. अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक हिशोब मात्र करू नका. पाव-पाव पॉइंटच्या मागे लागलं की माणूस थकतं आणि महिन्याभरात वही बंद होते.

सासूबाईंचा विषय तुम्ही शेवटी, अगदी एका ओळीत लिहिलाय, पण खरी अडचण तीच आहे असं मला वाटतं. "आई, तेल कमी घाला" असं रोज म्हटलं की त्यांना ते स्वयंपाकाला ठेवलेलं नावच वाटणार. चाळीस वर्षं त्यांनी घर जेवू घातलंय. त्यांना टीका देऊ नका, माप द्या. तुम्ही लिहिलंत की महिन्याला पाच लिटरचा डबा आणि वर एक लिटरची पिशवी लागते. सहा लिटर म्हणजे साधारण ५४६० ग्रॅम. तीस दिवस, पाच माणसं, डोई रोज ३६ ग्रॅम तेल, तूप वेगळं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या आहाराला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय, आणि तुमचा आहार तर १३५० चा आहे. हा हिशोब सासूबाईंपुढे कागदावर मांडा, सगळ्या घराचा म्हणून, तुमच्या वजनाचा म्हणून नाही. सासऱ्यांचं वयही त्यात आलंच.

मग रोज सकाळी एका लहान बाटलीत १२० मिलिलिटर तेल काढून ओट्यावर ठेवायचं. पोळ्या, भाजी, फोडणी, जे काय करायचं ते त्या बाटलीत. कुठे किती घालायचं ते सासूबाई ठरवणार. भरली वांगी असतील त्या दिवशी पोळीला कमी लावतील, उसळ असेल त्या दिवशी फोडणीत वाचवतील. हे गणित त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जमतं. एका घरी तर आजी संध्याकाळी बाटली उजेडात धरून सुनेला दाखवायच्या, "आज एवढं उरलं बघ". तुमच्यासाठी वेगळं शिजवायचं मात्र टाळा. वेगळी कढई चार दिवस चालते, मग घरात अबोला येतो. फार तर वरणाला फोडणी द्यायच्या आधी तुमची वाटी बाजूला काढून ठेवायला सांगा, एवढं कुणाला जड जात नाही.

तळण असेल त्या दिवशी अंदाज करू नका. पुऱ्यांच्या आधी तेलासकट कढईचं वजन करा, गार झाल्यावर पुन्हा करा. कमी झालेलं तेल पुऱ्यांत गेलं. बाफल्यांचंही, म्हणजे कणकेच्या उकडून भाजलेल्या गोळ्यांचंही, तसंच. तुपात बुडवायच्या आधी एक बाफला तोला, बुडवून निथळल्यावर पुन्हा तोला. वाढलेलं वजन निव्वळ तुपाचं, आणि चार ग्रॅम तुपाला एक पॉइंट. हे एकदा स्वतःच्या हाताने पाहिलं की मला काही सांगावं लागत नाही.

उपवास. तुम्ही चतुर्थी आणि एकादशी दोन्ही करता म्हणालात. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही. साबुदाणा ५० ग्रॅम, दाण्याचं कूट २५ ग्रॅम, तूप दोन चमचे, थोडा बटाटा, ही खिचडीची एक मध्यम बशी सव्वाचारशे कॅलरींची. चरबीची भर धरून दहा पॉइंट, आणि प्रथिनं येतात ती फक्त दाण्यांतून, साबुदाण्यात जवळजवळ नाहीतच. त्या दिवशी मोरधन, म्हणजे आपली वरी, ताकाबरोबर किंवा पातळ दाण्याच्या आमटीबरोबर घ्या. कच्ची वरी आणि कच्चा साबुदाणा कॅलरीत सारखेच आहेत, पण वरी पाणी पिऊन खूप फुगते आणि तिला तूप कमी लागतं, त्यामुळे तीस-पस्तीस ग्रॅमांत पोट भरतं.

एका गोष्टीवर मी अडून बसते, ती म्हणजे वरण, उसळ, दही-ताक यांतून पॉइंट वाचवायचे नाहीत. पॉइंटच्या पद्धतीचा हा मोठा दोष आहे की २७ पॉइंट चहा-बिस्किटांवरही पुरे करता येतात आणि वही बरोबर दिसते. मग चरबीबरोबर स्नायूही जातात, केस गळतात, जिना चढताना दम लागतो. तुमच्या ७० किलोला दिवसाला निदान ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. आपलं वाटीभर पातळ वरण जेमतेम चार-पाच ग्रॅम देतं. म्हणून एका वेळी घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, दुसऱ्या वेळी पिठलं, पनीर किंवा चालत असतील तर दोन अंडी, आणि वाटीभर दही. रोज आधी यांचे पॉइंट वहीत लिहून टाका, पोळी-भाताला जे उरतील ते उरतील.

फळं काही पद्धतींत शून्य पॉइंटची धरतात. पेरू, पपई, संत्र्याला मीही धरते. आंबा आणि चिकू मी मोजायला लावते, आणि आमरस तर नक्कीच. दोन आंब्यांचा रस, साखर आणि वर तूप हे शून्य होऊ शकत नाही.

२७ वरून २४ च्या खाली मात्र स्वतःच्या मनाने जाऊ नका, अगदी घाई असली तरी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम उतरू शकते. थायरॉइडची तपासणी गेल्या वर्षभरात झाली नसेल तर करून घ्या. आणि वही उघडली नाही म्हणून जेवायचीच भीती वाटू लागली, तर पॉइंट थांबवा आणि मला कळवा. असं होतं, दोन-तीन जणींच्या बाबतीत मी पाहिलंय, आणि तेव्हा वजनापेक्षा ते आधी बघावं लागतं.

रविवारचे पोहे सोडू नका. वाफवलेल्या इंदुरी पोह्यांना तेल कमीच असतं. कोरडे ५० ग्रॅम पोहे, चमचाभर तेल, थोडे दाणे, वर जिरावन (इंदुरी पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) आणि कांदा, साडेपाच पॉइंटच्या आत बसतात. शेव मोठ्या चमच्याने एक सपाट चमचा घ्या, पाऊण पॉइंट. जिलबी दोन लहान वेढे म्हणजे चार पॉइंट, त्या लिहा आणि चवीने खा.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा: तेलाची बाटली, कढयांचं वजन, आणि शेवेचा डबा जेवणाच्या टेबलावरून उचलून फडताळात. बाकी सगळं आहे तसं खा. सात दिवसांची वही मला पाठवा, सकाळच्या उपाशीपोटीच्या वजनासकट. त्यावरून पुढचं ठरवू.